स्कोपची तिसरी पिन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मागच्या व्हरांड्यात. मी नवी सून, बायका मला बघायला आलेल्या, आणि ह्या एका कोपऱ्यात मांडीत मिक्सरची मोटर घेऊन तांब्याची तार बोटांतून सोडत बसलेल्या. मी नमस्काराला वाकले तर म्हणाल्या, "थांब गं जरा, वेढे मोजतेय." मी अर्धी वाकलेली तशीच उभी. बऱ्याच वेळानं तार कापून त्यांनी वर बघितलं. "हं, आता कर नमस्कार. आणि जेवलीस का?"

तेव्हापासून त्या माझ्या ताई, आणि मी त्यांची धाकटी.

थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, यांचं बाजारच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला मोबाइलवाला, मधे दादा. दुकान इतकं अरुंद की आत दोघं असतील तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग जे येईल ते, आणि अलीकडे बहुतेक इंडक्शनच्या शेगड्या. मोटरींचं वाइंडिंग तेवढं घरी यायचं आणि ते ताई करायच्या. दुकान दादांचं, व्हरांडा ताईंचा, अशी वाटणीच होती. गिऱ्हाइकांना वाटे वाइंडिंगही दादाच करतात, आणि दादांनी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "नाव कुणाचं का होईना, मोटर फिरली म्हणजे झालं," ताई म्हणायच्या. पण हे म्हणताना तार जरा जास्तच ओढायच्या, ते मला दिसायचं.

गेल्या वर्षी एका सकाळी दादांच्या हातातून दात घासायचा ब्रश पडला. उचलायला वाकले ते खालीच बसले. दवाखाना झाला, व्यायाम झाले. बोलणं परत आलं, चालणंही आलं, एक पाय थोडा ओढत. उजवा हात मात्र आला नाही. ज्या हातानं त्यांनी केसाएवढ्या तारेला सोल्डरिंगचे डाग दिले, तो हात आता खांद्याला टांगल्यासारखा लोंबायचा, आणि दादा त्याच्याकडे न बघता डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचे, एखाद्यानं पिशवी ठेवावी तसा.

मुलगा परगावी नोकरीला, त्याला दुकानात रस नाही. शेजारचा मोबाइलवाला माणूस चांगला. त्यानंच विषय काढला, की दादा, मधली भिंत पाडतो, दोन्हीचं एक करतो, तुम्ही मोकळे व्हा. दादांनी त्याला शब्द दिला. घरी येऊन जेवताना सांगितलं.

ताई वाढत होत्या. म्हणाल्या, "मला नाही विचारलंत."

"तुला काय विचारायचं त्यात? तू काय दुकानात बसणार आहेस?"

"बसेन की."

यावर आमचे हे हसले, दादाही बऱ्याच दिवसांनी हसले. ताईंनी दोघांच्या पानात भाजी वाढली आणि स्वतःचं पान घेऊन बसल्या.  हात धुताना म्हणाल्या, "वसतिगृहाच्या मेसच्या शेगड्या सुट्टीत येतात ना दुरुस्तीला? त्या मी करते. सुट्टी संपायच्या आत झाल्या तर दुकान ठेवायचं. नाही झाल्या तर द्या चावी मोबाइलवाल्याला, मी एका शब्दानं बोलणार नाही."

मेसच्या शेगड्या म्हणजे दादांचं वर्षाचं मोठं काम. ते गेलं तर दुकानात राहण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं. दादा म्हणाले, "बघ बाई." त्यात होकार किती आणि चेष्टा किती, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

रात्रीची भांडी विसळताना मी ताईंना विचारलं, कशाला हा व्याप या वयात? त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाल्या, "दुकान गेलं तर हे खुर्चीतून उठायचे नाहीत, हे एक. आणि दुसरं खरं सांगू? मला दुकानातल्या त्या कामाच्या बेंचवर बसायचंय. उगीच सगळं त्यांच्यावर कशाला ढकलू?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं दुकानात. मी दुपारी डबा घेऊन जायची आणि दोघांचं जेवण होईतो गिऱ्हाईक सांभाळायची. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, विजेतलं मला बटण दाबण्यापलीकडे काही कळत नाही. पण ऐकायला कुणाची परवानगी लागते?

दादा खुर्चीत, ताई स्टुलावर. दादा सांगणार, ताई करणार.

"डाग चमकला पाहिजे. पिठासारखा दिसतोय तो कच्चा. उपट."

"उपटला."

"आता परत दे. जास्त नको, भिंतीला गिलावा करत नाहीयेस."

"अहो, तुम्ही बोलत राहिलात की माझा हात हलतो. गप्प बसा बघू."

"मग शिकवू कसं?"

"चुकले की बोला. बरोबर असताना गप्प बसायला काय होतं तुम्हाला?"

तारेशी ताईंची जुनी ओळख. डाग लवकरच चमकू लागले. मीटर कुठे लावायचा, फ्यूज कसा बघायचा, हेही जमलं. मेसचा आचारी एकेक शेगडी आणून टाकत होता आणि एकेक चालू होत होती. अडली ती एकच. तिचा मुख्य ट्रान्झिस्टर जळलेला. ताईंनी बदलला, वर पाण्याचं पातेलं ठेवून शेगडी चालू केली, पाणी कोमट झालं आणि आतून फट् करून आवाज. नवा ट्रान्झिस्टरही गेला. आणखी एक घातला, तोही गेला.

"ही शेगडी ट्रान्झिस्टर खातेय," दादा म्हणाले. "टँक सर्किटमध्ये घोळ आहे."

मी डबा उघडत होते. विचारलं, "टँक म्हणजे काय, दादा?"

दादांना गिऱ्हाइकापेक्षा असा प्रश्न जास्त आवडतो. त्यांनी डाव्या हातानं शेगडीच्या आतली तांब्याची चकली दाखवली. "ही कॉइल. आणि हा चौकोनी ठोकळा, हा कंडेन्सर. वीज या दोघांत झोपाळ्यासारखी ये-जा करते. कॉइलमधून कंडेन्सरात, कंडेन्सरातून परत. ट्रान्झिस्टर फक्त मागे उभा राहून वेळेवर एकेक धक्का देतो. आता कंडेन्सर अशक्त झाला तर झोपाळा वाजवीपेक्षा जोरात आणि उंच जायला लागतो, आणि तो परत येताना लाथ बसते ती ट्रान्झिस्टरला."

"मग कंडेन्सर मोजून बघा की."

"मोजला," ताई म्हणाल्या. "बरोबर दाखवतोय."

"थंड असताना बरोबर दाखवणारच. तापल्यावर बिघडत असेल तर? चालू असतानाच बघायला हवा, आणि त्याला स्कोप लागतो."

स्कोप म्हणजे दादांचा लाडका. छोट्या टीव्हीसारखा पडदा, त्यावर विजेची लाट दिसते. लाट बघायची तर दोन टोकं लावायची: एक लाल, जिथलं बघायचं तिथे, म्हणजे आउटपुटला, आणि एक काळा चिमटा, ग्राउंडला. ताईंनी स्कोपचा प्लग हातात घेतला आणि थबकल्या. थ्री-पिन प्लगला दोनच पिना. वरची जाड पिन मुळापासून मोडलेली.

"ही कधी मोडली?"

"आपोआप नाही मोडली. मी मोडलीय. माझ्या उस्तादांनी त्यांची मोडली होती. या गल्लीत एकाही स्कोपला ती पिन सापडायची नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकटे, ग्राउंड म्हणजे काय वाटतं तुला?"

"जमीन."

"कुणाची?"

मी म्हटलं, जमीन ती जमीन, त्यात कुणाची काय.

"तिथेच चुकतं. शेगडीच्या बोर्डावर एक कोपरा आहे, त्याला ग्राउंड म्हणतात. तो बोर्ड म्हणतो, मी सगळं इथून मोजणार. त्याचं तो घरातल्या घरात ठरवतो. पण तो कोपरा मधल्या डायोडांतून लाइटच्या तारेलाच जोडलेला. खऱ्या जमिनीवर उभं राहून बघितलंस तर तो स्वतःच उड्या मारतोय. आणि स्कोपचा काळा चिमटा त्या तिसऱ्या पिनेतून खऱ्या जमिनीला बांधलेला. आता हा चिमटा त्या कोपऱ्याला लावला तर?"

"दोन जमिनींची भेट होईल."

"भेट होईल आणि अख्खं दुकान काळोखात जाईल. म्हणून पिन मोडायची. मग स्कोप अधांतरी. कुठेही लावा, भडका नाही."

ऐकायला मला ते पटलं. ताईंना पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी आणखी एक नवा ट्रान्झिस्टर घातला, चिमटा लावला, शेगडी चालू केली. पडद्यावर हिरवी लाट आली. ती जरा मोठी दिसावी म्हणून त्यांनी एका हातानं स्कोपची खुंटी फिरवायला घेतली, आणि तोल सावरायला दुसरा हात शटरच्या लोखंडी पट्टीवर टेकला.

ओरडल्या नाहीत. नुसता हात फेकला गेला, स्टूल उलटलं, आणि ताई खाली बसलेल्या. दादांनी डाव्या हातानं मेन स्विच पाडला. मी पाणी दिलं, मोबाइलवाला धावत दारात आला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"झटका सगळ्यांनाच बसतो," दादा म्हणाले. आवाज घाबरलेला, पण शब्द उस्तादाचे. "चालू कामात एक हात खिशात ठेवायचा, किती वेळा सांगितलं."

ताईंनी पाण्याचा घोट घेतला. "माझ्या साडीला खिसा कुठाय?"

कुणीच हसलं नाही. मग दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "माझा आता कायमचाच खिशात गेलाय." ते चेष्टेनं म्हणाले होते, पण ते ऐकवेना.

ताई उठल्या, साडी झटकली, स्टूल सरळ केलं. "तुमचा स्कोप अधांतरी म्हणजे लाइट कुठे गेली? त्याच्या अंगावर आली. ती खुंटी, तो पत्रा, सगळ्यावर. भडका वाचवायला माणूस पुढे करायचा? ही पिन मी परत बसवणार."

"अगं, आयुष्यभर मी असंच काम केलं."

"तुम्ही वाचलात म्हणून ते बरोबर होत नाही."

हे मात्र दादांना लागलं.  रात्री आमच्या ह्यांनी मध्यस्थी करून बघितली. म्हणाले, "दादा, मधे एक वेगळा ट्रान्सफॉर्मर टाकतात ना? शेगडीच लाइटपासून तोडायची. म्हणजे पिनही राहील आणि भडकाही नाही."

"टाकतात. दोन हजार वॅटच्या शेगडीला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर कपाटाएवढा असतो. तो आत ठेवायचा तर आधी मला आणि तुझ्या वहिनीला बाहेर काढावं लागेल."

"म्हणजे पिन असली तर भडका, आणि नसली तर झटका," हे म्हणाले.

"झोपा आता," ताई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी नवा प्लग आणला, तीन पिनांचा, आणि स्वतः बसवला. बसवून दादांपुढे धरला. "हे बघा, पिन बसवलीय. आता काळा चिमटा बोर्डाला लावायचा नाही. ऐकलंत ना?"

दादा पेपर वाचत होते. "बरं," म्हणाले.

त्या दिवशी दुपारी ताई सुटे भाग आणायला मोठ्या दुकानात गेल्या होत्या. दादा बेंचजवळ, आणि मी शेजारी शिंप्याकडे उसवलेली बाही द्यायला गेलेली. शिंपी म्हणत होता, "वहिनी, बाहीचं सोडा, तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी कमाल केली हो," आणि एकदम असा आवाज झाला की त्याच्या हातातली कात्री खाली पडली. तिन्ही दुकानांतले पंखे थांबले. मोबाइलवाला धावत बाहेर आला.

दादा जागच्या जागी उभे. डाव्या हातात स्कोपची वायर, तिचा काळा चिमटा वितळून टोकाला गोळा झालेला. शेगडीच्या बोर्डाचा एक भाग कोळशासारखा. जळक्या प्लॅस्टिकचा वास. मी आधी त्यांचे हात बघितले, तोंड बघितलं. काही झालं नव्हतं.

त्यांना नुसतं लाट बघायची होती. ताई यायच्या आत कंडेन्सरचा घोळ पकडून ठेवावा, एवढंच मनात होतं. पिन बसवल्याचं त्यांना माहीत होतं, त्यांनी ऐकलं होतं, बरंही म्हटलं होतं. पण हाताला कान नसतात. जन्मभर स्कोप पुढे घेतला की पहिलं काम काळा चिमटा ग्राउंडला, ते डाव्या हातानंही उजव्याकडून शिकून घेतलं होतं.

मोबाइलवाल्यानं फ्यूज बदलून लाइट आणली. "होतं, दादा," म्हणाला. "तुम्ही बसा. आता कशाला त्रास घेताय, मी आहे ना." त्यानं चांगुलपणानंच म्हटलं. दादा खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

ताई आल्या तेव्हा मी दारातच होते. मी सांगायच्या आधी त्यांना वासावरून कळलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दादांचा डावा हात उलटासुलटा करून बघितला, मग बोर्ड बघितला.

"फ्यूज आणि डायोड गेलेत. एक पट्टी जळलीय. बदलता येईल."

"माझ्या हातानं झालं," दादा म्हणाले.

"माझा हातही तसाच गेला असता. आज नाही तर उद्या."

"नको. चावी देऊन टाकू. मला आता कळतही नाही नि जमतही नाही. आचाऱ्याला सांग, ही शेगडी कंपनीत ने."

ताईंनी बोर्ड फडक्यात गुंडाळून घरी आणला.

संध्याकाळी त्या व्हरांड्यात बसून जळकी पट्टी खरवडत होत्या. दादा आतल्या खाटेवर, तोंड भिंतीकडे. मधलं दार उघडं. मी दोघांच्या मधे वाटाणे सोलत होते.

"अहो," ताई तिकडे न बघताच म्हणाल्या, "रेडिओत पण टँक असायचा ना?"

खाटेवरून नुसतं "हं" आलं.

"त्याचं आउटपुट तुम्ही कसं काढायचात?"

"त्याचं वेगळं."

"वेगळं म्हणजे कसं?"

"रेडिओच्या टँकला थेट काही लावलं तर त्याचा सूरच बसतो. एवढासा झोपाळा तो, त्याला धरून कसा मोजणार? धरला की थांबला. म्हणून शेजारी एक-दोन वेढे ठेवायचे. न चिकटवता. त्या वेढ्यांत आपोआप उतरतं थोडंसं, ते घ्यायचं."

"म्हणजे झोपाळ्याला हात न लावता शेजारी उभं राहायचं आणि वारा लागतो त्यावरून ओळखायचं."

"हां."

"मग त्या वेढ्यांचं ग्राउंड कुठलं?"

खाट करकरली. "कुठलंही. वेढा मोकळाच असतो. त्याची दोन टोकं, त्यातलं एक धरायचं ग्राउंड म्हणून."

"त्या टोकाला स्कोपचा काळा चिमटा लावला, पिनेसकट, तर?"

दादांनी कूस वळवून दाराकडे तोंड केलं. मी वाटाणे सोलायची थांबले होते.

"काही होणार नाही," ते शेवटी म्हणाले. "त्या वेढ्याचा बोर्डाशी संबंधच नाही. दोन्ही जमिनी आपापल्या जागी." आणि मग, जरा चिडूनच, "शेगडीला हे कुणी करत नाही."

"का नाही करत?"

"का म्हणजे… उस्तादांनी केलं नाही."

"उस्तादांच्या वेळी शेगड्या तरी होत्या का?"

दादा उठले. पाय ओढत व्हरांड्यात आले आणि ताईंनी एव्हाना रिळावरून सोडलेली जाड आवरणाची तार बघून म्हणाले, "किती वेढे घेतेस? पाच? रेडिओ नाहीये तो. एकच घे. शेगडीचा झोपाळा केवढा, पाच वेढ्यांनी स्कोपलाच लाथ बसेल."

"मघाशी चावी देणार होतात."

"एकच घे म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर दुकानात पाऊल ठेवायला जागा नाही. बेंचवर मेसच्या दोन शेगड्या, एक धडधाकट आणि एक ही खादाड, ताईंनी बोर्ड दुरुस्त करून आणलेली, दोन्हींवर पाण्याची पातेली. आचारी दाराशी उभा. मेस उघडायला आली होती आणि त्याला शेगडी हवी होती. मोबाइलवालाही टेप घेऊन आलेला, भिंत मोजायला. त्याचा दोष नाही, त्याला दिलेला शब्द अजून कुणी परत घेतला नव्हता.

ताईंनी आधी चांगल्या शेगडीच्या काचेवर, पातेल्याच्या बुडाभोवती, तारेचा एकच वेढा ठेवला. त्याच्या दोन टोकांना स्कोपची दोन टोकं. बोर्डाकडे हातही नेला नाही. बोर्ड आत, झाकण बंद. शेगडी चालू केली. पडद्यावर लाट आली, गोल गोल उंचवट्यांची. पाणी तापलं, उकळलं, उंचवटे होते तसेच.

"आता ती," दादा म्हणाले.

वेढा उचलून दुसऱ्या शेगडीवर. पुन्हा तसेच उंचवटे. पाणी कोमट झालं. दादा खुर्चीतून पुढे झुकले. उंचवटे हळूहळू बारीक होऊ लागले आणि वर चढू लागले, जसं कुणी दोन्ही बाजूंनी दाबावं.

"बंद कर," दादा म्हणाले, आणि ताईंनी त्याच्या आधीच केली होती.

"कंडेन्सर?"

"कंडेन्सर. तापला की जातोय. चालू झाल्यावरच खोटं बोलतोय लेकाचा."

ताईंनी झाकण उघडून कंडेन्सर बदलला. दादा एक अक्षर बोलले नाहीत, डाग देत असतानाही. मला वाटलं त्यांना बरं नाही की काय. मग लक्षात आलं, ताई चुकत नव्हत्या म्हणून ते गप्प होते. शेगडी पुन्हा लावली. पाणी उकळलं, लाट जागची हलली नाही. आचारी म्हणाला अजून थोडा वेळ चालू द्या, आमच्याकडे भाजीला वेळ लागतो. चालू दिली. पातेल्याचं झाकण खडखडत राहिलं.

मोबाइलवाल्यानं घसा खाकरला. "दादा, मग ते भिंतीचं कसं करायचं? गवंडी मी सांगून ठेवलाय."

दादांनी मान ताईंकडे वळवली. "तिला विचार. बेंचवर ती बसते."

ताई फडक्यानं हात पुसत होत्या. मला वाटलं लगेच हो म्हणतील. पण त्यांनी आधी दादांकडे बघितलं. "मी बसेन. पण तुम्ही रोज यायचं. घरी खाटेवर बसून चावी द्यायच्या गोष्टी चालणार नाहीत."

"येईन."

"आणि मी चुकले नाही तर बोलायचं नाही."

"ते कठीण आहे."

"ते मलाही माहीत आहे." मग त्या मोबाइलवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, तुझा गवंडी फुकट जायला नको. तुझ्या बाजूनं फळ्या लावून घे, ठोक खुशाल. भिंत मात्र राहू दे."

मोबाइलवाला टेप गुंडाळत हसला. म्हणाला, "वहिनी, मला वाटलंच होतं. त्या दिवशी तुम्ही पडून उठलात आणि परत स्टूल सरळ केलंत, तेव्हाच मी घरी बायकोला म्हटलं, भिंत काही पडत नाही."

आचाऱ्यानं पातेलं उतरवलं, शेगडी उचलून खांद्यावर घेतली. जाताजाता सवयीनं दादांना विचारलं, "अजून एक आहे आमची, लहान. तिची काच तडकलीय. कधी आणू?"

दादा डबा उघडत होते. त्यांनी वर बघितलंच नाही. आचारी ताईंकडे वळला. "मॅडम, कधी आणू?"

"उद्या आण," ताई म्हणाल्या. "पण तुमचं भांडंही घेऊन ये बरोबर. आमच्या पातेल्यावर चालेल आणि तिथे गेली की बंद पडेल, असं नको."